लांबी फुकट, रुंदी महाग

शहरातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये प्लॅस्टिकच्या दोन मोठ्या वस्तू हटकून सापडतात. एक म्हणजे बाथरूमचे पीव्हीसीचे दार. दुसरी म्हणजे फाटकाजवळ उभी असलेली, मागे दोन चाके लावलेली, 240 लिटरची कचरापेटी. दार नीट न्याहाळले तर ते उभ्या पट्ट्यांचे बनलेले दिसते. पट्टीच्या खाचेत पट्टी अडकवलेली असते, आणि वरच्या कडेचे झाकण निघालेले असेल तर आत चौकोनी पोकळ्यांची रांग दिसते. पेटी मात्र अखंड. काठापासून बुडापर्यंत कुठे सांधा नाही. उलटी करून पाहिली तर बुडावर बारीक खुणा सापडतात. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात तिथून शिरलेले असते.

दोन्ही वस्तू मोठ्या, दोन्ही पाण्याला आणि मळाला पुरून उरणाऱ्या. मग दार अखंड का ओतत नाहीत? आणि पेटी पट्ट्यांची का करत नाहीत? मोठी वस्तू एक्सट्रूजनने करायची की इंजेक्शन मोल्डिंगने, हा प्लॅस्टिक उद्योगातला नेहमीचा पेच या दोन प्रश्नांत आहे. नव्याने धंद्यात उतरणारा माणूस बहुधा खर्चापासून सुरुवात करतो: साचा केवढ्याला पडेल, मशीन केवढ्याला येईल. माझ्या मते सुरुवात आकारापासून व्हायला हवी, आणि वस्तू कोणत्या दिशेने मोठी आहे हे सगळ्यात आधी पाहायला हवे. लांबीने मोठी, पसरटपणाने मोठी आणि खोलीने मोठी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ही दोन यंत्रे त्या तिन्हींची किंमत अगदी निरनिराळी लावतात.

एक्सट्रूजनचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या सोऱ्यात आहे. ताटलीला जसे भोक तशी शेव किंवा चकली. लांबी हवी तेवढी. पण सोऱ्यातले पीठ संपले की तो उघडून पुन्हा भरावा लागतो, आणि सुरुवातीची यंत्रेही अशीच दट्ट्याची होती. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने 1797 साली शिशाचे नळ काढण्याच्या अशा यंत्राचे पेटंट घेतले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, मलायातल्या झाडांच्या चिकापासून मिळणारे गटापर्चा तांब्याच्या तारेवर चढवायला हीच युक्ती कामी आली. 1850-51 मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्राखालून तारायंत्राची केबल गेली ती गटापर्चाचे आवरण लेवूनच. नंतर दट्ट्याच्या जागी फिरता स्क्रू आला. एका टोकाने माल भरत राहायचा, दुसऱ्या टोकाने तो बाहेर पडत राहायचा, मध्ये थांबायचे कारण उरले नाही. जर्मनीत पाउल ट्रोस्टरने 1935 च्या सुमारास खास थर्मोप्लॅस्टिकसाठी असे यंत्र बांधले. आजच्या पाइपच्या लाइनी त्याच वंशातल्या.

पीव्हीसी पाइपची लाइन जवळून पाहिली तर ‘लांबी हवी तेवढी’ याचा अर्थ नीट कळतो. हॉपरमधून पावडर बॅरलमध्ये उतरते. बॅरलला बाहेरून हीटरच्या पट्ट्या आवळलेल्या असतात. उरलेली उष्णता स्क्रूच्या मळण्यातूनच निर्माण होते. साधारण 170 ते 200 अंश सेल्सिअसला पीव्हीसी मऊ होऊन डायमधून, म्हणजे सोऱ्याच्या ताटलीच्या जागी बसवलेल्या पोलादी तोंडातून, गोल नळीच्या रूपात बाहेर येते. ही नळी अजून लुळी असते, हात लावला तर दबेल अशी. ती लगेच कॅलिब्रेटरमध्ये शिरते. तिथे निर्वात पोकळीची ओढ तिला बाहेरच्या भिंतीला चिकटवून गोल ठेवते आणि पाण्याचे फवारे तिला घट्ट करत जातात. पुढे हॉल-ऑफचे रबरी पट्टे पाइपला दोन्ही बाजूंनी धरून एकाच गतीने ओढत असतात. शेवटी करवत. पाइप थांबत नाही, म्हणून करवतच त्याच्याबरोबर पुढे सरकत कापते आणि पुन्हा मागे येते.

लाइन सुरू करताना खरे कसब लागते. पहिला माल वेडावाकडा लोंबत बाहेर येतो. जाड हातमोजे घातलेला ऑपरेटर तो हाताने ओढून धरतो, फवाऱ्यांच्या टाकीतून आधीच ओवून ठेवलेल्या जुन्या पाइपच्या टोकाला जोडतो आणि हॉल-ऑफ हळूहळू चालू करतो. जुना पाइप पुढे जातो, त्याच्या मागून नवा. ओढ वाढवली की भिंत पातळ होते, कमी केली की जाड. डायच्या भोवतीचे बोल्ट थोडे थोडे आवळून भिंतीची जाडी सगळीकडून सारखी करायची असते. हे जमेपर्यंतचे सगळे मीटर ग्राइंडरमध्ये जातात. एकदा बसली की मात्र लाइन दिवसरात्र चालते, आणि तिला थांबवणे हीच मोठी भीती असते. पीव्हीसीमध्ये वजनाने निम्म्याहून जास्त, सुमारे 57 टक्के, क्लोरीन असते. वीज गेली आणि गरम बॅरलमध्ये माल अडकून राहिला तर तो करपतो, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू सुटतो आणि बॅरलच्या पोलादाला खाऊ लागतो. मग डाय खोलून जळका माल खरवडत बसावे लागते. पीव्हीसीच्या कारखान्यात जनरेटर हा चैनीचा विषय नसतो.

या पद्धतीची अट एकच, पण ती मोडता येत नाही. वस्तू लांबीत कुठेही कापली तरी काप सारखाच दिसला पाहिजे. पाइप, खिडकीची चौकट, केबलची पट्टी, दाराची पोकळ फळी या सगळ्या परीक्षेत उतरतात. अट पाळली तर लांबीचे बंधन यंत्र घालतच नाही. दुकानात मिळणारे 3 आणि 6 मीटरचे पाइप ट्रक आणि गोदामाच्या सोयीसाठी त्या मापाचे असतात. ही सोय बाजूला ठेवली तर काय होते ते नॉर्वेतल्या स्टाथेल्ले इथे दिसते. तिथला पाइपलाइफ कंपनीचा कारखाना समुद्राच्या काठावर आहे. अडीच मीटरपर्यंत व्यासाचे एचडीपीईचे (हाय-डेन्सिटी पॉलिएथिलीनचे) पाइप तिथे लाइनमधून थेट पाण्यात उतरवले जातात, सलग पाचशे मीटरहूनही लांब. एचडीपीईची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी असते. टोके बंद केली की पाइप तरंगतो, आणि टगबोटी तो समुद्रावरून ओढत दुसऱ्या देशात नेतात. एवढी अखंड प्लॅस्टिकची वस्तू दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने होत नाही.

आता इंजेक्शनकडे येऊ. जॉन वेस्ली हायट आणि त्याचा भाऊ इसाया यांनी अमेरिकेत 1872 साली सेल्युलॉइडसाठी असे पहिले यंत्र पेटंट केले. तेही दट्ट्याचेच होते. 1946 मध्ये जेम्स हेन्ड्रीने त्यात स्क्रू आणला, म्हणजे दोन्ही घराण्यांनी शेवटी एकच अवयव स्वीकारला. फरक एवढाच की इंजेक्शनचा स्क्रू फिरून माल वितळवतो, पुढे साठवतो आणि मग स्वतःच दट्ट्यासारखा पुढे सरकून तो बंद साच्यात ढकलतो. साचा भरला, थोडा वेळ दाब धरला, माल थंड झाला, साचा उघडला, वस्तू बाहेर पडली की एक शॉट पुरा होतो. साच्यात कोरता येईल तो जवळपास कोणताही आकार वस्तूला मिळतो: कड, कंगोरा, बिजागरीची कडी, स्क्रूचे भोक, कंपनीचे नाव. आपल्याकडे लग्नाच्या मांडवापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे दिसणारी पॉलीप्रॉपिलीनची अखंड खुर्ची ही या पद्धतीची करामत आहे. फ्रान्समध्ये हेन्री मासोने याने 1972 मध्ये बाजारात आणलेली ‘फोतॉय 300’ ही तिची गाजलेली पूर्वज. पाय, हात, पाठ, बैठक, सगळे एका शॉटमध्ये आणि दोन मिनिटांच्या आत.

खुर्ची एका शॉटमध्ये होते, तर दार का नाही? इथे थोडे गणित करू, कारण मोठ्या वस्तूंचा सगळा निर्णय या एका आकड्यावर येऊन थांबतो.

साच्याचे दोन भाग असतात. वितळलेला माल दाबाने आत शिरला की तो हे दोन भाग एकमेकांपासून दूर लोटू पाहतो. ते मिटलेले ठेवण्याचे काम मशीनच्या क्लॅम्पचे. माल साच्यात सरासरी 300 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो असे धरू. पॉलीप्रॉपिलीन किंवा एचडीपीईच्या मोठ्या वस्तूंसाठी हा अंदाज वाजवी आहे. पातळ भिंतीच्या वस्तूला याहून जास्त दाब लागतो, आणि कडक पीव्हीसी तर मुळातच वाहायला आळशी. या दाबाला साचा ज्या दिशेने उघडतो त्या दिशेने दिसणाऱ्या वस्तूच्या क्षेत्रफळाने गुणायचे. सात फूट बाय अडीच फुटांचे दार म्हणजे साधारण 213 सेंटिमीटर बाय 76 सेंटिमीटर, सुमारे 16,200 चौरस सेंटिमीटर. गुणाकार येतो 48 लाख 60 हजार किलो. म्हणजे 4,860 टनांची मिठी मारून धरणारे मशीन हवे, आणि तेही हाताशी काही राखीव न ठेवता.

अशी मशीन जगात आहेत, आठ हजार टनांच्या पलीकडचीही आहेत. पण ती बसवायला खास पाया, साचा उचलायला प्रचंड क्रेन आणि तो साचा कोरायला तेवढ्याच मोठ्या मिलिंग मशीन लागतात. बाथरूमच्या दारासाठी हा पसारा कोण मांडेल? तेच दार पट्ट्यांनी करायचे म्हटले तर डायचे तोंड वीतभर असले तरी पुरते. मागचे मशीन मध्यम आकाराच्या शेडमध्ये मावते, आणि दार सात फुटी असो की साडेसात, करवतीची खूण फक्त सरकवायची. आठ फुटी दाराला इंजेक्शनमध्ये नवा साचा लागला असता.

मग पेटी कशी परवडते? तिच्या बाबतीत मिठीची दिशा बघा. 240 लिटरची पेटी वरून पाहिली तर सुमारे 58 सेंटिमीटर बाय 73 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम 4,200 चौरस सेंटिमीटर. त्याच दाबाने गुणले तर साधारण 1,270 टन येतात. पेटी मीटरभराहून उंच आहे, पण ती उंची साचा उघडण्याच्या दिशेला असल्यामुळे या गुणाकारात येतच नाही. भिंतींवरचा दाब साच्याचे पोलाद पेलते, क्लॅम्पला त्याचा थेट भार होत नाही. म्हणून इंजेक्शनच्या जगात खोली तुलनेने स्वस्त आणि पसरटपणा महाग. बादली, टब, क्रेट, पेटी यांची या पद्धतीवर इतकी भिस्त का, याचे उत्तर त्यांच्या घाटात आहे. खोली अगदी फुकट मिळते असे मात्र नाही. मीटरभर खोल पेटी साच्याच्या आतल्या गाभ्यावरून सुटून यायला भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो, आणि मशीनचा जबडा पेटीच्या उंचीच्या दुपटीहून जास्त उघडावा लागतो. त्या उताराचा एक फायदा असा की रिकाम्या पेट्या एकात एक बसतात आणि एका ट्रकमध्ये कितीतरी जास्त जातात. महापालिकेच्या गाडीला पेटी उचलून उलटी करता यावी म्हणून पुढच्या काठाला जी दातेरी कड असते, तीही याच शॉटमध्ये होते. एक्सट्रूजनने पेटीची नळी निघाली असती. बूड, उतार, कड आणि चाकांची बैठक वेगळी करून जोडावी लागली असती. ओला कचरा आणि रोजची आदळआपट त्या सांध्यांनी किती दिवस सोसली असती?

माल कोणता घ्यायचा हा प्रश्न आकारानंतर येतो, पण मोठ्या वस्तूंमध्ये तो जास्त टोचतो आणि तो उपेक्षितही राहतो. एचडीपीई म्हणजे एकच पदार्थ नव्हे. रेणूंच्या साखळ्या लांब असतील तर माल वितळल्यावर दाट, चिवट राहतो; आखूड असतील तर पातळ वाहतो. याचे माप म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स: 190 अंशाला, ठरावीक वजनाखाली, 2.1 मिलिमीटरच्या छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम माल पडतो ते. पाण्याच्या पाइपसाठीचे चांगले एचडीपीई 5 किलो वजनाखाली जेमतेम 0.2 ते 0.5 ग्रॅम पडते. इंजेक्शनचे ग्रेड त्याच्या निम्म्याहून कमी, 2.16 किलो वजनाखाली कित्येक ग्रॅम पडतात. एक्सट्रूजनला दाटपणा हवाच असतो, कारण डायमधून बाहेर पडलेल्या नळीने कॅलिब्रेटरपर्यंतचे अंतर न ओघळता पार करायचे असते. इंजेक्शनला मात्र गोठण्याआधी मीटर-दीड मीटर धावणारा माल लागतो, आणि वस्तू जितकी मोठी तितका पातळ. हा पातळपणा आखूड साखळ्यांतून येतो, आणि आखूड साखळ्यांचा माल वर्षानुवर्षांच्या ताणाखाली लवकर तडकतो. म्हणून एकाच नावाच्या मालाचा पाइप जमिनीखाली पन्नास वर्षांच्या हिशोबाने पुरला जातो, आणि पेटीकडून तेवढी अपेक्षा कोणी करत नाही. सतत दाबाखाली राहणारी मोठी वस्तू असेल तर मी या एका कारणासाठी एक्सट्रूजनच्या बाजूने झुकेन.

मोठ्या वस्तूचा दुसरा शत्रू जाडी. प्लॅस्टिक उष्णता फार हळू सोडते, आणि थंड होण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तीन मिलिमीटरची भिंत वीस सेकंदांत घट्ट होत असेल तर सहा मिलिमीटरच्या भिंतीला ऐंशी सेकंद लागतात. म्हणजे नवशिक्या डिझायनर मजबुतीसाठी भिंत दुप्पट करतो तेव्हा मशीनचे उत्पादन तो चौथाईच्या आसपास आणून ठेवतो. अनुभवी माणूस भिंत पातळच ठेवून मागे बरगड्या देतो. खुर्चीच्या बैठकीखाली हात घालून पाहा, त्या लागतील. पण बरगडी फार जाड झाली तर ती उशिरा थंड होऊन पुढच्या गुळगुळीत बाजूला आत ओढते आणि तिथे खळगा उमटतो. कारच्या बंपरवर, तेही चकाकत्या रंगाखाली, असा खळगा कोणी खपवून घेत नाही.

थंड होताना वस्तू आकसतेही. एचडीपीईचे आकसणे दीड ते तीन टक्क्यांचे. छोट्या डबीत हे नखभरही नाही, पण 1,200 मिलिमीटरच्या पॅलेटमध्ये दोन टक्के म्हणजे 24 मिलिमीटर. साचा तेवढा मोठा कोरावा लागतो. शिवाय एक कोपरा आधी आणि दुसरा नंतर थंड झाला तर वस्तू पिळवटते. मोठ्या साच्यात पाण्याच्या वाटा कुठून न्यायच्या, गेट, म्हणजे माल आत शिरण्याची तोंडे, किती आणि कुठे द्यायची, दोन बाजूंनी आलेले प्रवाह कुठे भेटू द्यायचे, यावर टूलरूममध्ये अनेक दिवस खल चालतो तो यासाठीच. प्रवाह भेटतात त्या रेषेवर वस्तू कच्ची राहते. ती रेषा जोर येणाऱ्या जागी पडता कामा नये. एक्सट्रूजनमध्ये लांबीतले आकसणे हा प्रश्नच उरत नाही, कारण करवत थंड झालेल्या मालावर चालते. तिथे सांभाळायचा तो फक्त काप. पण पोकळ फळीच्या आतल्या पडद्या बाहेरच्या भिंतीपेक्षा हळू थंड होतात, त्यांना पाणी लागत नाही. म्हणून त्या पातळ ठेवाव्या लागतात, नाहीतर फळी धनुष्यासारखी वाकते.

आता पैसा. पाइपची किंवा फळीची डाय लाखांत होते. मोठ्या पॅलेटचा किंवा बंपरचा साचा दहा-वीस टन पोलादाचा असतो आणि त्याचा खर्च कोटीच्या घरात जाऊ शकतो. समजा साचा एक कोटीचा आहे. एक लाख नग काढले तर प्रत्येक नगावर शंभर रुपये बसतात, पाच हजारच काढले तर दोन हजार. इथपर्यंतचा हिशोब सगळे करतात. विसरतात तो दुसऱ्या बाजूचा. एक्सट्रूजनमधून बाहेर पडलेला तुकडा अजून वस्तू झालेला नसतो. तो कापायचा, भोके पाडायची, टोके बंद करायची, कोपरे जोडायचे, आणि प्रत्येक पायरीला माणूस, जागा आणि नासाडी. इंजेक्शनचा नग साच्यातून निघाला की बहुतेक वेळा पॅकिंगला जातो. म्हणून नगांची संख्या थोडी असेल तर एक्सट्रूजनची सोय मोठी वाटते, आणि संख्या वाढत गेली की इंजेक्शनमध्ये वाचलेली मजुरीच हळूहळू साच्याची किंमत वसूल करू लागते. ज्याला बाजाराचा अंदाज नाही त्याने आधी एक्सट्रूजनच्या शीटचे तुकडे जोडून शे-दोनशे नग विकून पाहावेत आणि मग साच्याच्या मागे लागावे, हे मला शहाणपणाचे वाटते. साच्यात कोरलेली चूक दुरुस्त करणे फार महाग पडते.

कधी कधी दोन्ही उत्तरे चुकीची असतात. गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची टाकी घ्या. तोंड अरुंद आणि पोट मोठे असल्यामुळे इंजेक्शनचा गाभा आतून निघणार नाही, आणि एक्सट्रूजनची नळी बंद होणार नाही. गुजरातेत कलोलच्या सिंटेक्सने सत्तरच्या दशकात या टाक्या घरोघरी नेल्या त्या रोटेशनल मोल्डिंगने. पोकळ साच्यात पावडर टाकायची, साचा भट्टीत दोन अक्षांभोवती फिरवायचा आणि थंड करायचा. दाब नाही, म्हणून साचा पत्र्याचाही चालतो. वेळ मात्र फार लागतो. निळा दोनशे लिटरचा ड्रम एक्सट्रूजनने नळी सोडून लगेच साच्यात फुगवलेला असतो. फ्रिजच्या आतले पांढरे अस्तर म्हणजे एक्सट्रूजनची सपाट शीट गरम करून निर्वाताने साच्यावर ओढलेली. आणि पॅलेटचा पसरटपणा जड होत असेल तर मालात वायू मिसळून फेसाळ स्वरूपात साचा भरता येतो. तिथे दाब दशांशावर येतो आणि हजारो टनांचे मशीन शेकड्यांवर उतरते. पृष्ठभाग थोडा रेघाळ दिसतो, पण गोदामात पॅलेटकडे कोण निरखून बघतो?

मोठ्या वस्तूंच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा बरोबर ठरणारा मार्ग मात्र वस्तू फोडण्याचा आहे. जे लांब आणि एकसारखे आहे ते एक्सट्रूजनला द्यायचे, जिथे दिशा बदलते ते इंजेक्शनला. घरातली पाण्याची लाइन हे त्याचे रोजचे उदाहरण. सरळ पाइप एक्सट्रूजनचा, एल्बो आणि टी इंजेक्शनचे. भारतीय मानकांनीही त्यांना वेगळे ठेवले आहे: पीव्हीसी पाइपला आयएस 4985, इंजेक्शन मोल्डेड फिटिंगला आयएस 7834. यूपीव्हीसीच्या खिडकीत चौकटीच्या चारही पट्ट्या 45 अंशांत कापतात, टोके 240-250 अंशांच्या तापलेल्या प्लेटला टेकवून वितळवतात आणि एकमेकांवर दाबतात. लांबी एक्सट्रूजनची राहते आणि कोपरा जागेवरच तयार होतो. सांधा आला की गळती आणि तडा यांची भीती येते, हे खरे. म्हणून किती तुकडे करायचे याला मर्यादा हवी. तुकडा तिथेच करावा जिथे तो तपासता येतो आणि बिघडला तर बदलता येतो.

जळगावच्या आणि नाशिकच्या शेतांत पसरलेली ठिबकची इनलाइन नळी या दोन्ही पद्धती एकाच वेळी, धावत्या लाइनवर एकत्र आणते. बाहेरून ती 16 मिलिमीटरची साधी काळी नळी, गुंडाळीत शेकडो मीटर लांब. आत ठरावीक अंतरावर नखाएवढे ड्रिपर चिकटलेले असतात. ड्रिपरमध्ये पाण्याचा वेग मारणारी नागमोडी, अगदी बारीक वाट असते. ती एक्सट्रूजनने होणे शक्य नाही, म्हणून ड्रिपर इंजेक्शनचे, एका साच्यात डझनांनी पडणारे. नळीची डाय मधून पोकळ असते. त्या पोकळीतून ड्रिपर एकामागून एक पुढे ढकलले जातात आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या, अजून गरम असलेल्या नळीच्या आतल्या भिंतीला टेकताच तिच्याशी एकजीव होतात. लाइन मिनिटाला शंभर मीटरने पळत असेल आणि ड्रिपर चाळीस सेंटिमीटरवर हवे असतील, तर मिनिटाला अडीचशे ड्रिपर बरोबर जागी पडावे लागतात. नळी पाण्याच्या टाकीतून थंड होऊन बाहेर येते तेव्हा ड्रिपर बाहेरून दिसत नाही. पुढचे यंत्र सेन्सरने त्याची जागा हुडकते आणि नेमके त्याच्यावर, नळीच्या भिंतीतून, पाणी ठिबकण्याचे भोक पाडते. ते भोक थोडे पुढेमागे पडले तर पाणी ड्रिपरला वळसा घालून सरळ बाहेर उडते, आणि तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो.